पाण्याची गाडी आणि शिकणारें यंत्र

सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची गाडी लातुरास आली, त्याचें स्मरण नांदेड-लातूरकडील वाचकांस अद्याप असेलच. मिरजेस कृष्णा वाहत होती, तरी लातूरची घागर रितीच होती. भरणें, वाहणें व उतरविणें या तिहींचा मेळ बसला, तेव्हांच सुमारें पांच लक्ष लिटर पाणी पोंचलें.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांस शिकवितांनाहि हीच अडचण येते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादींत ६३ वा होता. असल्या यंत्रास एक घास संपतो न संपतो तोंच दुसरा हजर लागतो. भांडारांतून तो उशिरां आला, तर हें महागडें यंत्र वाढप्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखें पानावर रिकामें बसतें, आणि विजेचा खर्च मात्र चालूच! म्हणून एका घासाचें गणित चालू असतांच पुढचा आणून ठेवितात. लाखों बारीक फायली उघडण्यांत वेळ जातो, यास्तव त्यांचे मोठे गठ्ठे बांधितात. धड्यांचा क्रमहि पुनःपुन्हा बदलितात; एकाच क्रमानें घोकणाऱ्या विद्यार्थ्याची गत आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिली आहे. शिकलेलें मधूनमधून भांडारांत उतरवूनहि ठेवितात, कीं यंत्र बंद पडल्यास पुन्हा श्रीगणेशा नको.

आमची चिंता मात्र निराळी. इंग्रजीच्या मानानें त्या भांडारांत मराठी थोडी, व तीहि बहुतेक छापील. नांदेड-लातूरच्या माजघरांतील बोली त्यांत कितीशी असणार? नातवंडांस आम्हीं सांगितलें आहे, यंदाच्या सुटींत आजीच्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्या उतरवून घ्या.