माजघरालगतची खोली

दिघीच्या आमच्या घरात माजघराला लागून नऊ फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी एक खोली आहे. जुन्या कोकणी घरांतून अशी खोली पुष्कळदा आढळते. तिला बाळंतिणीची खोली म्हणत. भिंती चिऱ्याच्या, खिडकी एकच आणि तीही लहान. घरात बाळंतपण असले की तेथे बाजले पडे, खाली शेगडी आणि ओव्याची धुरी असे. बाळंतीण बाहेर आली की त्याच जागी तांदूळ, वाल आणि दुकानातील जास्तीची पोती येत. माझा जन्म त्याच खोलीतला, आणि पुढे तेथल्याच गुळाच्या ढेपेपायी मी मारही खाल्ला. एका खोलीची दोन कामे ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावी लागली नाही. मात्र ती दोन कामे एकाच दिवशी समोरासमोर येत नसत. आमच्यावर प्रसंग आला तो नेमका तसा.

बाळंतपणे इस्पितळात होऊ लागल्यावर खोली दुकानाच्या दप्तराकडे गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा पुतण्याने तेथे संगणक मांडला. अशात एका पावसाळ्याच्या तोंडावर, ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आईचा जिन्यात पाय घसरला. हाड मोडले नाही, पण वरचा मजला तिला कायमचा बंद झाला. खाली तिच्याजोगी हीच काय ती जागा. आई म्हणाली, "माझी गादी ओटीवर टाका. धंद्याची जागा अडवू नका." दुकानाच्या पहिल्या भांडवलात जिच्या पाटल्या गेल्या, तिने असे म्हणावे! धाकट्या बंधूंनी मान खाली घातली. मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

बँकेत एकाच तारणावर दोघांचे कर्ज असले की पहिला बोजा कोणाचा आणि दुसरा कोणाचा, हे आधीच लिहून घेतात. क्रम लिहिलेला नसेल तेथे तंटा ठरलेलाच. सकाळी मी घरात सांगून टाकले : खोलीवर पहिला बोजा आईचा, दुसरा दप्तराचा.

मग मोजमाप सुरू झाले आणि लक्षात आले की जागा माणसांनी नव्हे, कागदांनी खाल्ली होती. तीन लोखंडी कपाटे, त्यांत तीस-तीस वर्षांची बिले. जीएसटीचा कायदा म्हणतो की हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावीत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तेवढे कागद अधिक काळ. आणि खरेदीखते, भागीदारीपत्रे ही तर कायमची. आयकराचा हिशेब निराळा, म्हणून करसल्लागारांना विचारल्यावाचून एक चिठीही फाडू नये. त्यांना विचारून निवड केली तेव्हा तिन्हींतले एकच कपाट उरले. खालच्या खणातली बिले तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली तेव्हाच भिजून त्यांची वीट झाली होती. ती आम्ही चार वर्षे श्रद्धेने सांभाळली होती!

उरलेले कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून हलविले, कारण पावसाचा मारा त्याच अंगाने. ते भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. हवा खेळती राहिली की बुरशी आणि कसर धरत नाही. जीव झालेच नाहीत तर औषध मारण्याचे पापही नको. आगरदांड्याहून फेरीबोटीने सुतार आला. त्याने आतल्या भिंतीशी आईसाठी दिवाण केला, आणि समोर बिजागरीची फळी बसविली : उघडली की मेज, मिटली की भिंत. मोरीच्या वाटेवर धरायला एक कठडा. खर्चाची बाब एवढीच.

खरी गाठ जागेची नव्हती, वेळेची होती. पुतण्या रात्री दुकान वाढवून नऊनंतर हिशेबाला बसे. आईचे जेवण सूर्यास्तापूर्वी आणि निजणे आठाला. पहाटे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, तिचे सामायिक. "दिवा मंद ठेवतो, आवाज करणार नाही," असे पुतण्या म्हणत होता. मी मानले नाही. झोपलेल्या माणसाच्या उशाशी चोरपावलांनी काम करणे म्हणजे दोघांनाही शिक्षा. रोकड रात्री दुकानातच जुळवायची आणि नोंदी दुसऱ्या दिवशी साडेदहा ते एक या वेळात खोलीत करायच्या, असे ठरले. त्या वेळी आई माजघरात भाजी निवडत बसते. एक वाजला की फळी मिटायची. तिच्यावर पेनदेखील राहू द्यायचे नाही. पहिले दोन महिने पुतण्या कुरकुरला. त्याची कुरकुर रास्त होती. त्याची रात्रीची सवय मोडली होती, माझी काहीच नाही.

अकरा आणि वीस या तारखांना मात्र विवरणपत्रांमुळे वेळ पुरत नाही. त्याची तोड आईनेच काढली. त्या दुपारी ती स्वतःहून दिवाणावर बसून राहते आणि म्हणते, "आज वीस ना? चालू दे." पुतण्या नोंदी करता करता नावे वाचतो. मागच्या खेपेस एका जुन्या गिऱ्हाइकाची उधारी ऐकून ती म्हणाली, "त्याने नारळ दिले होते की पावसाआधी. ते वजा केलेस का?"

पुतण्याने वही पुन्हा उघडली. नारळ वजा केलेले नव्हते.