वाटाण्याएवढं मलम

ती ट्यूब मीच आणून दिली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं कोणाला उपदेशासारखं वाटणार नाही.

माझी नात तेव्हा सोळा वर्षांची होती. २०२३च्या मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या कपाळावर आणि गालांवर तारुण्यपिटिका उठल्या होत्या. आम्ही त्यांना मुरूम म्हणायचो, ती पिंपल्स म्हणते, दुखणं तेच. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, काहीतरी आणा ना यावर." मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. "सगळ्या मुली हीच नेतात, चार दिवसांत चेहरा साफ," असं म्हणत दुकानदारानं एक छोटी ट्यूब पुढे केली. मी पैसे दिले आणि ट्यूब खिशात घातली. अडतीस वर्षं बँकेत कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचण्याचा पगार घेतलेला माणूस मी; त्या खोक्यावरची बारीक अक्षरं मात्र वाचली नाहीत.

चार दिवसांत चेहरा खरोखरच साफ झाला. नात खूश, मी त्याहून खूश.

दिवाळीत ती पुन्हा आली ती तोंडाला ओढणी लावूनच. चेहरा लालभडक, त्वचा ताणल्यासारखी चकचकीत, आणि मुरूम पूर्वीपेक्षा दुप्पट. उन्हात गेलं की आग आग होई. भाऊबीजेला भावाला ओवाळलं, पण फोटोसाठी सगळे गोळा झाले तेव्हा ती हळूच आत निघून गेली. तिच्या आजीनं मागे जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की पाच महिने तीच ट्यूब चालू होती. दोन दिवस खंड पडला की चेहरा भडकायचा, म्हणून पुन्हा लावायची. कॉलेजला जाणंही कमी झालं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि मला विचारलं, "आजोबा, हे वाचलंत का?" डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं तिच्यावर छापलेलं होतं. आत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, म्हणून पहिले चार दिवस चमत्कार वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, नवे मुरूम येतात, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटून उठतो. मला ते माझ्या भाषेत लगेच समजलं. हे सावकारी कर्ज होतं: हातात रक्कम ताबडतोब, आणि वसुली चक्रवाढ व्याजानं.

आमचं प्रकरण काही जगावेगळं नव्हतं. २०११ साली आपल्या देशातल्या १२ केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइडची मलमं लावत होते. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. यादी झाली, पण यादी वाचणारे माझ्यासारखेच असतील तर उपयोग काय?

मला अधिक लागलं ते वेगळ्याच कारणानं. १९७४ साली मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि माझं तोंड असंच भरून आलं होतं. आजी सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावायची. शेजारचे काका म्हणत, "रक्त खराब आहे." वर्गातले मित्र म्हणत, "मनात वाईट विचार येतात, म्हणून उठतात." मी दोन्ही खरं मानलं. दिवसातून पाच वेळा उग्र साबणानं तोंड घासलं, आणि आरशापुढे उभं राहून एकेक मुरूम फोडला. त्याचे खड्डे आजही गालांवर आहेत. १९८३ साली मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "देवी आल्या होत्या का हो तुम्हाला?" मुलगी काही बोलली नाही. तीच मुलगी भाऊबीजेच्या दिवशी नातीच्या मागे आतल्या खोलीत गेली. आत काय झालं असेल, हे तिला विचारावं लागलं नाही.

डॉक्टर बाईंनी जे समजावून सांगितलं, ते मला पन्नास वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. केसाच्या मुळाशी तेलाची एक सूक्ष्म ग्रंथी असते. वयात येताना मुलगे आणि मुली दोघांच्याही शरीरात काही संप्रेरकं वाढतात आणि ती ग्रंथी जास्त तेल सोडते. मृत पेशींनी तिचं तोंड बुजतं, सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जंतू आत वाढतात, आणि सूज येते. यात रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचा संबंध नाही आणि मनातल्या विचारांचा तर नाहीच. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळ नसतात. बुजलेल्या तोंडाशी हवा लागून आणि त्वचेच्या रंगद्रव्यामुळे ते काळे दिसतात. म्हणजे मी पाच पाच वेळा घासत होतो, ते मुळात तिथे नव्हतंच.

नातीच्या कपाटात अकरा बाटल्या निघाल्या. शिवाय लिंबू, टूथपेस्ट आणि मसुराच्या पिठाचा लेप हे घरगुती उपाय वेगळेच. बाईंनी तीन गोष्टी ठेवल्या: दोन वेळा तोंड धुण्यासाठी एक सौम्य फेसवॉश, तेलकट नसलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि सकाळी बाहेर पडण्याआधी सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. ते स्टिरॉइड कसं सोडवायचं, हे त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली ठरवलं. पहिले दोन महिने चेहऱ्याला नुसती विश्रांती होती. ते दिवस कठीण गेले. मलम सुटताना चेहरा आणखी भडकला, आणि पोरगी रात्री रडायची.

त्वचा निवल्यावर रात्री लावायला एकच औषध आलं, अ‍ॅडापलीन. साऱ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. तेही सुरुवातीला एक दिवसाआड, कारण त्यानं त्वचा कोरडी पडते आणि सोलल्यासारखी होते. "बारा आठवडे थांबायचं," बाई म्हणाल्या, "मधे मुरूम वाढल्यासारखे वाटले तरी." नातीनं तोंड वाकडं केलं. मी तिला म्हटलं, "ही मुदत ठेव आहे. मुदतीआधी मोडलीस तर व्याज बुडतं." एक बदल आम्हा म्हाताऱ्यांकडेही आला. डोक्याला भरपूर खोबरेल चोपडून रात्रभर झोपायची घरची पद्धत थांबली, कारण ते तेल कपाळावर उतरून तिथली छिद्रं बुजवतं. आता तेल लागतं ते न्हाण्याआधी तासभर.

मग खाण्याचा प्रश्न आला. "तेलकट खाऊ नकोस, चॉकलेट खाऊ नकोस" हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेटच्या वड्या आणि बिनचॉकलेटच्या वड्या खायला घालून पाहिलं. फरक पडला नाही, म्हणून पुढे कित्येक वर्षं डॉक्टर सांगत राहिले की खाण्याचा आणि मुरुमांचा संबंध नाही. गंमत अशी की त्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती! २००२ साली दुसरा निष्कर्ष पुढे आला. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० माणसं तपासली, तर एकालाही मुरूम नव्हता. ती माणसं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खाणारी. अर्थात त्यांचा वंशही वेगळा, जगणंही वेगळं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४३ तरुणांचे दोन गट केले. ज्यांच्या आहारात साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी होते, त्यांचे मुरूम बारा आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. रक्तातली साखर एकदम चढली की इन्शुलिन चढतं, आणि त्याच्या मागोमाग तेलग्रंथींना चेव येतो, असं त्याचं कारण सांगतात. दुधाचाही काही पाहण्यांत संबंध दिसला आहे, पण तो तितका पक्का नाही.

आम्ही घरात फार मोठी क्रांती केली नाही. सकाळची जॅम-ब्रेड आणि बिस्किटं गेली. त्या जागी भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, कधी नाचणीची आंबील आली. कोल्ड्रिंकऐवजी ताक आलं. दूध तोडलं नाही, फक्त त्यातली गोड पावडर बंद केली. दिवाळीचा लाडू कायम राहिला. बाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली होती: "खाण्याची भीती घालू नका. चेहऱ्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, आणि ते दुखणं मुरुमांहून मोठं आहे." आहार हा मदतनीस, औषधाची जागा तो घेत नाही. पाळी अनियमित असेल, खोल दुखऱ्या गाठी येत असतील किंवा वण पडू लागले असतील, तर घरी प्रयोग करत बसू नये, असंही त्यांनी सांगितलं. माझ्या गालांकडे पाहून मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आणि एक नियम घरच्यांसाठी झाला. जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर कोणीही नातीच्या चेहऱ्याचा विषय काढायचा नाही. "आज जरा बरा दिसतोय" हेसुद्धा नाही. खरं सांगतो, हा नियम पाळणं भाकरीपेक्षा अवघड गेलं.

बारा आठवडे झाले तेव्हा मुरूम निम्म्याहून कमी होते. तपकिरी डाग जायला पुढे कितीतरी महिने लागले. काही अजून आहेत. २०२४च्या भाऊबीजेला हनुवटीवर दोन मुरूम घेऊन ती फोटोत पहिल्या रांगेत बसली. फोटो मी टेबलावर ठेवला आहे.

परवा माझा गुडघा दुखत होता. शेजाऱ्यांनी दिलेली एक ट्यूब मी उघडणार, तोच नातीनं ती हातातून काढून घेतली, खिडकीशी नेली आणि डोळे बारीक करून खोक्यावरची सगळी अक्षरं वाचली.

"आजोबा," ती म्हणाली, "डॉक्टरांची चिठ्ठी कुठाय?"