भुशीच्या पायऱ्यांवर कोणाला विचारायचं?

पिंपळे सौदागरात आज उंच इमारती उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं शेतकऱ्यांचं गाव होतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाचा केलेला अभ्यास १९१७ साली पुस्तकरूपाने आला. तो बाजाराचा अभ्यास नव्हता. तरीही बाजारपेठ संशोधनातल्या प्राथमिक आणि दुय्यम पद्धतींतला फरक समजून घ्यायचा तर मला याहून चांगली सुरुवात सापडत नाही.

मान यांनी जुनी दप्तरं तपासली. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. यातल्या जुन्या नोंदी सारावसुलीसाठी कोणीतरी कधीच लिहून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्याने, दुसऱ्या कामासाठी जमवलेली ही माहिती म्हणजे दुय्यम माहिती. तिला कमी लेखण्याचं कारण नाही. १७७१ च्या शेतकऱ्याला जाऊन विचारणं कोणालाच शक्य नव्हतं, दीडशे वर्षांची घसरण दाखवली ती दप्तरानेच. पण घरात कर्ज किती, वर्षाचं पोट भरतं का, हे दप्तरात नव्हतं. त्यासाठी घरोघर चौकशी करून प्राथमिक माहिती मिळवावी लागली. तेव्हा दिसलं की बाहेरची मजुरी धरूनही जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांची तोंडमिळवणी होत नाही.

हीच वाट पुढे पुण्यात रुळली. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. १९३३ मध्ये संस्थेने पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी आली, गाडगीळांसोबत ल. वि. गोगटे यांच्या नावाने. मराठी मुलखातलं बाजारपेठ संशोधन खऱ्या अर्थाने इथून सुरू झालं, असं मी मानतो. रेल्वेचे प्रवासी आणि उत्पन्न वार्षिक अहवालांत छापून येत, ते वाचून काम भागे. मोटारी मात्र विखुरलेल्या खासगी मालकांच्या. छापील आकडा जिथे संपतो तिथून पायपीट सुरू होते, हे या पाहण्यांतून शिकावं.

गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणीही केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये, दुसरा १९५२ मध्ये छापला गेला. पुढे सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी शहराची फेरपाहणी करून ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. गाडगीळांसाठी जे आकडे प्राथमिक होते, ते या तिघांच्या हाती आले तेव्हा दुय्यम झाले होते. आकड्याच्या कपाळावर त्याची जात लिहिलेली नसते. तो कोणी, कशासाठी जमवला आणि आता कोण वापरतो, यावर सगळं ठरतं. १९६० साली विक्रम साराभाईंनी बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप स्थापन केला. या संस्थेची माणसं दुकानांतला माल मोजत आणि ते आकडे अनेक कंपन्या घेत. कंपनीने त्यासाठी पैसे मोजले तरी तिच्यापुरती ती माहिती दुय्यमच. आपल्याला हवा तो प्रश्न त्या मोजणीत होता का, हे तिला तपासावंच लागे.

आज हा फरक ओळखण्याची सर्वांत मोठी गरज मला लोणावळ्याच्या भुशीला दिसते. इंद्रायणीवरचा हा बंधारा एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. आता त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायला लोक येतात आणि त्यांच्या भुकेवर कणसं, भजी, चहा यांचा पावसाळी धंदा चालतो. ‘गर्दी आहे म्हणजे धंदा आहे’ एवढ्यावर इथे भांडवल घातलं जातं. हे मला फार खटकतं, कारण बुडतो तो कर्ज काढून हातगाडी लावणारा.

आयते आकडे त्याला काय देतील? २०११ ची जनगणना लोणावळा नगरपरिषदेची लोकसंख्या साधारण ५७ हजार सांगते. पण ती शिरगणती झाली फेब्रुवारीत आणि मोजले ते राहणारे लोक. जुलैतल्या रविवारी येणारा माणूस तिच्यात नाही. नंतरची २०२१ ची जनगणना तर लांबलीच. हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदी मात्र खरोखर उपयोगी आहेत. बंधारा केव्हा भरून वाहतो, त्यावरच हंगाम ठरतो, आणि अनेक वर्षांचा पाऊस गाडीवाला स्वतः मोजू शकत नाही. पण आलेला माणूस डबा घेऊन आला की खिशात पैसे घेऊन, चिक्की इथे घेतो की स्टेशनजवळ, हे विचारल्याशिवाय कळायचं नाही.

विचारण्यातही खाचखळगे आहेत. पायऱ्यांवर उभं राहून विचारलं तर जे पोचले तेच भेटतात. वाहनांच्या रांगेला कंटाळून अर्ध्या वाटेवरून मागे फिरलेलं कुटुंब त्या पाहणीत येत नाही, आणि धंद्याचं नुकसान नेमकं त्याच कुटुंबाने सांगितलं असतं. रविवारी विचारलेलं बुधवारला लागू पडत नाही. भिजलेला, घाईतला माणूस तोंडाला येईल ते उत्तर देतो. त्याला ‘भजी आवडतात का’ असं विचारण्यापेक्षा ‘आज काय खाल्लं, कुठे खाल्लं’ असं विचारावं.

३० जून २०२४ रोजी बंधाऱ्यामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर मावळातल्या पर्यटनस्थळांवर प्रशासनाचे निर्बंध आले, संध्याकाळी थांबण्यावरही. त्या आधीच्या हंगामांच्या वह्या कोणी जपल्या असतील तर पाऊस आणि विक्री यांचा मेळ घालायला त्या जरूर वापराव्यात, संध्याकाळच्या गर्दीचा अंदाज मात्र त्यांतून बांधू नये. तो अंदाज नव्याने घ्यावा लागेल. बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर, लोणावळा स्टेशनच्या फलाटावर आणि गाड्या जिथून वळून परत जातात त्या रस्त्यावरही, रविवारी आणि आडवारी.