करवत तीच, दाब दुप्पट

जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या सुताराच्या दुकानात गोल करवत चालू होताना तुम्ही पाहिली असेल. बटण दाबताच छताचा दिवा क्षणभर मंदावतो. सागाची फळी सहज कापली जाते. पण बाभळीचे टणक लाकूड आले, की पाते रेंगाळते आणि मोटर तापू लागते. अडलेल्या पात्यावर लाकूड जोराने रेटण्याचा मोह होतो, आणि बोटे धोक्यात येतात ती अशाच वेळी. मग कारागीर म्हणतो, "थ्री फेज घेऊ, ताकद वाढेल." खरेच वाढते का?

आधी दिव्याचे पाहू. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे १२ अँपिअर प्रवाह घेते. मीटरपासून करवत ३० मीटर दूर असेल, तर २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध होतो साधारण ०.४५ ओहम. १२ ला ०.४५ ने गुणा : ५.४ व्होल्ट तारेतच खर्ची पडले! सुरू होताना मोटर पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणी सुमारे ३० व्होल्ट गळतात आणि त्याच तारेवरचा दिवा मलूल होतो. मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून दाब दहा टक्के घटला, तर पीळ जवळजवळ एकोणीस टक्के घटतो.

अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट, पण त्याच घरात २४० व्होल्टही मिळतात. तेथले हौशी सुतार आपली करवत १२० वरून २४० वर नेतात. अशा दुहेरी दाबाच्या मोटरीत तारेची दोन सारखी वेटोळी असतात. १२० वर ती समांतर जोडतात, २४० वर एकसर. एकसर जोडणीत दाब दोघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला पुन्हा १२० च! वेटोळ्याला बदल झाल्याचे कळतही नाही. प्रवाह मात्र निम्मा होतो आणि तारेतील उष्णता एक चतुर्थांश. थोडक्यात, ताकद वाढत नाही. तारेत हरवणारी परत मिळते.

आपल्याकडे २३० च्या वरची पायरी म्हणजे थ्री फेज. कोणत्याही दोन फेजमध्ये २३० ची १.७३ पट, म्हणजे ४०० व्होल्ट असतात. रावेर-यावलच्या केळीबागांतले कितीतरी पंप यावरच चालतात. येथे नुसती जोडणी बदलून भागत नाही, मोटरच बदलावी लागते. तेवढ्याच शक्तीची ही मोटर प्रत्येक तारेतून सुमारे साडेतीन अँपिअरच घेते. मघाच्या तारेत ६५ वॅट उष्णता होत होती. आता तिन्ही तारांत मिळून ८ वॅट! भुसावळजवळच्या दीपनगरची वीज लाखो व्होल्टवर धाडतात, ती याच हिशेबाने.

जोडणीचे काम मात्र परवानाधारक वायरमनचेच. ४०० व्होल्टचा धक्का जीव घेतो. शिवाय थ्री फेजची एक खोड खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. एखादा फेज गेला तरी चालू मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घुमत राहते, जास्त प्रवाह ओढते आणि काही मिनिटांत जळू शकते. म्हणून स्टार्टरमध्ये फेज गेल्याबरोबर मोटर बंद करणारे साधन बसवतात. करवतीलाही ते हवेच.