नांदूरमध्यमेश्वरची सहल

मुलांनो, हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी अम्मी-अब्बांबरोबर नांदूरमध्यमेश्वरला जरूर जा. हे पक्षी अभयारण्य नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. येथे गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. त्यामुळे पाणी संथ झाले आणि नद्यांनी आणलेला गाळ तळाशी साचला. पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या, मासे व किडे वाढले. पक्ष्यांना भरपूर अन्न मिळू लागले. २०२० साली हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाले.

थंडीत येथे दूरदेशांहून बदके येतात. त्यांत चक्रवाकही असतो. उर्दूत आपण त्यालाच सुर्खाब म्हणतो. तो हिमालय ओलांडून येतो. परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगात चरबी साठवावी लागते. आपण आरडाओरडा केला किंवा दगड मारला, की सारा थवा उडतो आणि साठवलेली शक्ती वाया जाते. म्हणून लहान भावंडांना हे घरीच समजावून सांगा. सोबत दुर्बीण न्या, हळू बोला आणि जेवणाचा कचरा परत आणा. पाहुण्याला त्रास न देणे, हाच खरा पाहुणचार होय.