ढेकूळ पाण्यात सोडण्याआधी

भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथली माती खोल, काळी, चिकण. सुकली की तिची ढेकळं दगडासारखी होतात. पाण्यात बुडवून आकारमान काढण्याचा प्रयोग शाळेत बहुधा खडा किंवा लोखंडी गोळी घेऊन दाखवतात. मला वाटतं, इथल्या शाळांनी ढेकूळच घ्यावं. या प्रयोगाभोवतीचे बरेच गैरसमज ते एकटंच उघडे पाडतं.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की जड वस्तू जास्त पाणी बाजूला सारते. पूर्ण बुडलेल्या वस्तूच्या बाबतीत वजनाचा इथे काही संबंध नाही. सारख्या आकाराच्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या गोळ्या पाण्याची पातळी सारखीच चढवतात. वजन महत्त्वाचं ठरतं ते वस्तू तरंगते तेव्हा. 600 ग्रॅमचा तरंगणारा ओंडका 600 ग्रॅम पाणी सारतो. त्याचं पूर्ण आकारमान हवं असेल तर त्याला पाण्याखाली दाबून धरावं लागतं.

दुसरा गैरसमज म्हणजे कुठलीही वस्तू पाण्यात टाकली की आकारमान मिळालं. उघडं ढेकूळ टाकून पाहा. बुडबुडे निघतात, पाणी आत शिरतं, थोड्या वेळात ढेकूळ फुटतं. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीत सोडियम जास्त असेल, तर स्वच्छ पाणीही गढूळ होऊन जातं. मोजपात्रावरचा आकडा तेव्हा ना ढेकळाचा असतो, ना नुसत्या मातीचा. म्हणून मृदा प्रयोगशाळेत सुकवलेल्या ढेकळावर वितळलेल्या पॅराफिन मेणाचा पातळ थर देतात आणि मग ते दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलतात.

पातळी मोजण्याऐवजी तोलायचं का, तर पातळीतला बारीक फरक डोळ्याला नीट दिसत नाही. सांडलेल्या पाण्यावरून सोन्याच्या मुकुटातली भेसळ ओळखल्याची, आर्किमिडीजच्या न्हाणीघराची गोष्ट त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने लिहिली. पण अशी भेसळ पाण्यात तोलूनच नेमकी पकडता येते, असं गॅलिलिओने 1586 मध्ये मांडलं.

ढेकळाचा हिशेब असा. समजा, कोरडं ढेकूळ 180 ग्रॅम भरलं आणि मेणासकट 189. पाण्यात लटकवल्यावर काटा 79 दाखवतो. वजनातली घट 110 ग्रॅम, म्हणजे 110 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सरलं. मेण 9 ग्रॅम, त्याची घनता साधारण 0.9, म्हणून त्याचे 10 घन सेंटिमीटर वजा करायचे. ढेकूळ 100 घन सेंटिमीटरचं, घनता 1.8.

आता कोणी म्हणेल, काळी जमीन भारी, तेव्हा तिचे कणच जड असणार. तसं नाही. मातीच्या खनिज कणांची घनता साधारण 2.65 धरतात, आणि वाळूच्या कणांचीही जवळपास तेवढीच असते. ढेकळाचा आकडा 1.8 वर येतो तो आतल्या पोकळ्यांमुळे.

आणि हा आकडाही कायमचा नाही. काळ्या मातीतली स्मेक्टाइट नावाची चिकण खनिजं पाणी घेऊन फुगतात. ओल असताना तिच्या ढेकळाची घनता 1.4 च्या आसपास असू शकते. इथेही वजन कोरड्या मातीचंच धरतात. म्हणजे त्याच 180 ग्रॅम मातीने तेव्हा सुमारे 129 घन सेंटिमीटर जागा धरलेली असते. उन्हाळ्यात ही जागा आक्रसते, थोडी जमीन खाली बसते आणि उरलेली पोकळी भेगांच्या रूपाने उघडी पडते. ओलावा न लिहिता काळ्या मातीची घनता लिहिली, तर तो आकडा पुढच्या माणसाच्या उपयोगाचा राहत नाही.

राहिला प्रश्न खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी खारं असलं तरी बुडालेली वस्तू तेवढीच जागा सारते. फरक पडतो तो तोलण्यात, कारण खारं पाणी वस्तूला किंचित जास्त उचलून धरतं. लिटरमागे 5 ग्रॅम मीठ असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. वजनातली घट त्या पाण्याच्या घनतेने भागली की तोही निघून जातो.