'शुगर कमी झाली': एका वाक्प्रयोगाची वैद्यकीय चिकित्सा

शिरूर तालुक्यात न्हावरे व दौंड तालुक्यात पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि भल्या पहाटे सुरू होणारी ऊसतोडणी या भागाच्या परिचयाची झाली. उपाशीपोटी राबणाऱ्यास भोवळ आली, की त्याला गूळ-पाणी देण्याचा परिपाठ जुना आहे. 'शुगर कमी झाली' हा उद्गार मात्र अलीकडचा. 'घेरी', 'भोवळ', 'अंधारी' हे शब्द केवळ अनुभव सांगतात. नव्या उद्गारात कारणही गृहीत धरलेले असते. मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा टिकत नाही.

निरोगी माणसाचे एखादे जेवण चुकले, तर यकृत आपल्या साठ्यातील शर्करा रक्तात सोडते आणि साठा सरत आल्यावर नवी शर्करा निर्माण करते. म्हणूनच एकादशीच्या उपवासाने रक्तशर्करा सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही. उन्हातील भोवळीमागे पाण्याची तूट किंवा रक्तदाबाची घट असण्याचा संभव अधिक; तेथे गूळ-पाण्यातील पाणी आणि सावलीतील विश्रांती यांचे श्रेय गुळास दिले जाते.

या कामी अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या तीन कसोट्या आजही प्रमाण आहेत: लक्षणे दिसणे, त्याच वेळी रक्तशर्करा कमी आढळणे आणि ती वाढताच लक्षणे शमणे. मधुमेह नसलेल्यांत ही मर्यादा दर डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मानतात. केवळ पहिली व तिसरी कसोटी उतरल्याने निदान सिद्ध होत नाही.

तिन्ही कसोट्या उतरल्या, तर मात्र कारण शोधणे अगत्याचे ठरते. जेवणानंतर चार तासांच्या आत होणारी घट, विशेषतः जठराच्या शस्त्रक्रियेनंतर, इन्सुलिन अधिक स्रवल्याने संभवते. उपाशीपोटी वारंवार होणाऱ्या घटीमागे यकृताचा वा अधिवृक्क ग्रंथींचा विकार, चुकून घेतलेली मधुमेहाची गोळी किंवा क्वचित स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ असू शकते. उपाशीपोटी घेतलेले मद्य यकृताची शर्करानिर्मिती रोखते.

घाम, कंप व धडधड ही शरीराने दिलेली सूचना होय. जीभ अडखळणे, असंबद्ध बोलणे व भान हरपणे ही मेंदूच्या उपासमारीची चिन्हे. अशा माणसास 'प्यायलेला' म्हणून झोपू देणे प्राणघातक ठरू शकते. शुद्धीत असल्यास त्याला त्वरित साखर द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही न घालता त्यास रुग्णालयात न्यावे. निदानाचा शब्द तपासणीपूर्वीच रूढ झाला, की तपासणीची गरज भासेनाशी होते; या उद्गाराचा खरा धोका हाच होय.